आमचा उंट बोलायचा

गेल्या वर्षी ते उंटाचं कार्टून नव्यानं आलं आणि आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी गेल्यासारखा प्रकार सुरू झाला. एरवी त्या ग्रुपवर पाणी कधी सुटणार, कुणाची गाडी कुणाच्या दारात लावली आहे आणि सकाळी सकाळी फुलांचे फोटो, यापलीकडे काही येत नाही. लग्न होऊन मी पेठ वडगावला आले त्याला बरीच वर्षं झाली, तरी त्या ग्रुपमधून बाहेर पडायचं माझ्या जिवावर येतं. माहेर कोल्हापुरातलं. गल्ली सुटली तरी गल्लीतल्या भानगडी सुटत नाहीत.

ज्यांनी ते कार्टून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वाळवंटात टपाल वाटणारा एक उंट. त्याच्या मदारीवर बसून रस्ता दाखवणारी एक खार. आणि टपालाची पिशवी पळवायला टपलेलं एक गिधाड, जे दर भागाच्या शेवटी स्वतःच खणलेल्या खड्ड्यात पडायचं. संपलं. परदेशातलं होतं, हिंदी आवाज घालून टीव्हीवर रविवारी सकाळी लागायचं, आणि आमच्या वयाच्या पोरांचा सगळा आठवडा त्या अर्ध्या तासाकडे डोळे लावून जायचा.

आता नव्यात उंट चकचकीत झाला होता. त्याला गॉगल दिला होता. खारीच्या हातात मोबाईल आला होता आणि ती रस्ता त्यात बघून सांगायची. गिधाडाला तर म्हणे लहानपणीचं काही दुःख चिकटवलं होतं, त्यामुळे ते आता वाईट नव्हतं, फक्त मनानं दुखावलेलं होतं. देशभरातले पन्नाशीला टेकलेले लोक इंटरनेटवर रडत होते. आमचं बालपण परत द्या, उंटाचं वाटोळं केलंत, खड्डा कुठं गेला, असं काय काय. ज्यांना घरात पोरं विचारत नाहीत ते बाप्ये उंटाच्या डोळ्यांवर पानंच्या पानं लिहीत होते. मला आधी हसू आलं. मग मीही नव्या उंटाचं चित्र मोठं करून बघितलं आणि माझाही जीव थोडा खट्टू झाला, ते खोटं कशाला बोलू.

पण आमच्या गल्लीची तक्रार वेगळीच होती. त्यांना गॉगलचं काही वाटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं एकच, की उंट बोलत का नाही? कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानाचा मालक हा गल्लीचा स्वयंघोषित पुढारी. त्यानं कंपनीच्या पानावर जाऊन मराठीतच ठणकावून लिहिलं, की आमचा उंट कसा बोलायचा आणि तुम्ही त्याचं तोंड बंद करून टाकलंत. त्याच्यामागून गल्लीतल्या सगळ्यांनी तेच लिहिलं. त्यावर कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या एका माणसानं हिंदीत उत्तर दिलं, की उंट कधीच बोलत नव्हता, तो पहिल्यापासून मुका आहे आणि फक्त रवंथ करतो, तुम्ही लोक नक्की काय पिऊन बघत होता? मग काय, गल्ली पेटली. त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला.

मी ते सगळं वडगावातल्या माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून वाचत होते. भाजी खाली लागल्याचा वास आला तेव्हा भानावर आले. कारण तो लांबचा माणूस खरं बोलत होता. उंट कधीच बोलत नव्हता. आमच्या गल्लीतला तेवढा बोलायचा. तो कसा बोलायचा हे आमच्या घरच्या चौघांनाच माहीत होतं. त्यांतले आई-वडील आता नाहीत. उरलो मी आणि माझा मोठा भाऊ. त्याला आम्ही अण्णा म्हणतो.

गल्लीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला. वडील गूळ बाजारात कारकून होते आणि त्यांना बातम्यांचं वेड होतं. एकदा त्यांनी तो टीव्ही पोरांचे हात पोचू नयेत म्हणून उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि ठेवताना तो कशाला तरी आपटला. चित्र येत राहिलं, आवाज गेला. मेकॅनिक आला, त्यानं मागचं झाकण उघडलं, फुंकर मारली, पार्ट पुण्याहून मागवावा लागेल म्हणाला आणि गेला तो गेलाच. वडील म्हणाले, बातम्या काय, पेपरात वाचल्याच आहेत, चेहरे दिसले तरी पुरे. त्यांचं भागलं. आमचं कसं भागायचं?

त्यात चित्रही नीट यायचं नाही. पत्र्यावरच्या अँटेनाची वायर टीव्हीच्या मागं कुणीतरी बोटानं दाबून धरली तरच मुंग्या जाऊन माणसं दिसायची. हे काम अण्णाचं. फळीच्या मागं कोनाड्यासारखी जागा होती, तिथं तो उंच स्टुलावर बसायचा. समोरच्या भिंतीला लोखंडी कपाट होतं आणि त्याच्या दाराला आरसा. त्या आरशात त्याला टीव्ही दिसायचा, अर्थात उलटा. आमच्यासाठी उंट उजवीकडे चालला की अण्णासाठी डावीकडे.

अण्णा तेव्हा आठवी-नववीत असेल. तो बोलताना अडायचा. पहिलं अक्षर तोंडात धरून बसायचा, मान वर करायचा, डोळे मिटायचा, आणि समोरचा माणूस तोवर दुसऱ्याशी बोलायला लागायचा. शाळेत धडा वाचायला उभं केलं की वर्गाला करमणूक. गल्लीतली पोरं त्याची नक्कल करायची, आणि त्यात सगळ्यांत हुबेहूब नक्कल कोण करायचं, तर आजचा तो मोबाईलच्या दुकानाचा मालक. तेव्हा माझ्याच वर्गात होता, दुसरीत की तिसरीत.

आवाज गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी ते उंटाचं कार्टून पहिल्यांदा लागणार होतं, आणि पोरं नेहमीसारखी येऊन सतरंजीवर बसली. चित्र लागलं, आवाज नाही. चुळबुळ सुरू झाली, दोघं-तिघं उठून चपला शोधायला लागली. आणि तेवढ्यात टीव्ही बोलायला लागला, तोही हिंदीत नव्हे, आमच्या भाषेत. खार उंटाला म्हणाली, पावणं, जरा दमानं, फुडं वाळू लई हाय. आणि उंटानं उत्तर दिलं. बिचारा उंट रवंथ करत होता. अण्णाला आरशात त्याचं तोंड हलताना दिसलं आणि वाटलं, हा पण बोलतोय. म्हणून त्यानं त्याला बोलतं केलं.

सगळी पोरं गपकन खाली बसली. माझं तोंड उघडं पडलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात आई पदर तोंडाला लावून उभी होती. तिनं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. मी ते इतकं मनावर घेतलं, की आजवर कुणाला बोलले नव्हते.

टीव्हीच्या मागं अण्णा एकदाही अडला नाही. उंटाला त्यानं जाड, सावकाश आवाज दिला होता, खारीला चिरका आणि गिधाडाला आमच्या गणिताच्या मास्तरांचा. गोष्टही त्याचीच असायची. चित्रावरून काय कळेल ते सांगायचं आणि जे कळणार नाही ते रचायचं. खार उंटाला घाई करायला लागली की उंट म्हणायचा, मला घाई न्हाय, टपालाला हाय. आणि गिधाड खड्ड्यात पडलं की खार वरून वाकून म्हणायची, बसा आता निवांत, च्या आणतो. या वाक्याला पोरं अक्षरशः लोळायची. सोमवारपासून गल्लीत तेच. कुणी सायकलवरून पडलं, कुणी नापास झालं, कुणाची सोयरीक मोडली, की बसा निवांत, च्या आणतो. आजही आमच्या गल्लीत हे वाक्य आहे. ज्यांनी ते कार्टून कधी पाहिलं नाही त्या सुनासुद्धा म्हणतात.

आणि दुपारी तीच पोरं अण्णाला चिडवायची. मला वाटायचं, ओरडून सांगावं. पण अण्णालाच ते नको होतं. टीव्ही बोलतो म्हणून पोरं ऐकत होती. अण्णा बोलतो म्हटल्यावर ऐकली असती का, याची त्याला खात्री नव्हती. पुढं ते कार्टून बंद पडलं, मग आवाजाचा रंगीत टीव्ही घरात आला आणि अण्णा मागून उठून पुढं येऊन आमच्यात बसला. त्या दिवसापासून त्याचं ते बोलणं संपलं. आमच्याकडे तेव्हा टेपरेकॉर्डर नव्हता. असता तरी कुणाला सुचलं नसतं.

अण्णा गल्लीतच राहिला. तळमजल्यावर त्यानं पिठाची गिरणी टाकली आणि जोडीला मिरची कांडायचं मशीन. हा धंदा त्यानं का निवडला हे त्यानं कधी सांगितलं नाही, पण मला ठाऊक आहे. मशीन सुरू असलं की बोलावं लागत नाही. बायका डबा ठेवतात, बोटांनी खूण करतात, बारीक की जाड, आणि अण्णा मान हलवतो. उन्हाळ्यात चटणीच्या दिवसांत तर तिथं दिवसभर मशीनचा असा आवाज आणि मिरचीचा असा खकाणा असतो, की कुणी शब्द काढायच्या फंदात पडत नाही.

ग्रुपवर ती भांडणं चालू असताना एका शनिवारी मी गिरणीत गेले आणि माझ्या फोनवर सगळं त्याला दाखवलं. एव्हाना कंपनीनं लोकांचा राग शांत करायला जुने भागही इंटरनेटवर टाकले होते. पण त्यानं आमची गल्ली आणखीच भडकली. जुन्यातही उंट मुकाच आणि खार हिंदी बोलणारी निघाली, तेव्हा गल्लीनं निष्कर्ष काढला की कंपनीनं जुन्या भागांतलाही आपल्या भाषेतला आवाज पुसून टाकला आहे. लबाडी केली आहे. पुरावा नष्ट केला आहे. मोबाईलवाल्यानं लिहिलं होतं, की तो आवाज अजून माझ्या कानात आहे, माझी आजी गेली त्या वर्षी त्या आवाजानंच मला हसवलं होतं, तो माणूस कोण होता ते कळलं तर मी त्याच्या पाया पडायला जाईन.

अण्णानं मशीन बंद केलं. हात पुसले. चष्मा लावून ते वाक्य वाचलं, मग फोन मला परत देता देता पुन्हा घेतला आणि पुन्हा वाचलं. त्याच्या भुवयांवर पीठ होतं.

"त्... त्यास्नी अजून याद हाय?" एवढंच म्हणाला.

त्या क्षणी माझ्या डोक्यात शिरलं, की याचं माप याच्या पदरात पडायला पाहिजे. जन्मभर जो माणूस मशीनच्या आवाजामागं बसला, त्याच्या बोलण्यावर अख्खी गल्ली भांडतेय आणि त्याचं नाव कुणाला माहीत नाही, हे मला सहन होईना. मी त्याच्या मागंच लागले. तो आधी नको म्हणाला. मग म्हणाला, बघू. आणि दोन-तीन दिवसांनी वहिनीचा फोन आला, की मशीन सुरू करून हे एकटेच काय बडबडतात कुणास ठाऊक, मधेच बारीक आवाज काढतात, मधेच जाड, डॉक्टरला दाखवायला पाहिजे का? मी फोन ठेवून स्वयंपाकघरातच रडले. आनंदानं रडले.

गल्लीतल्या तालमीच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे. खाली आता फारशा कुस्त्या होत नाहीत, वर बारशी आणि निवडणुकीच्या सभा होतात. मोबाईलवाल्यानं ठरवलंच होतं, की कंपनीचा निषेध म्हणून तिथं सगळ्यांनी मिळून जुने भाग बघायचे, रविवारी सकाळी, अगदी त्या वेळेला. मी त्याला सांगितलं, कार्टूनचा आवाज बंद ठेव, माझ्याकडे जुना आवाज आहे. रेकॉर्डिंग आहे का, म्हणाला. मी म्हटलं, तसंच समज. त्यानं ग्रुपवर लगेच जाहीर करून टाकलं. गल्ली सोडून गेलेले लोक मुरगूडहून, हातकणंगल्याहून येतो म्हणाले. एकजण पुण्याहून निघाला.

अण्णानं माझ्याकडून एक कबूल करून घेतलं होतं. आदल्या दिवशी गिरणीच्या पायरीवर बसून, एकेक शब्द काढत तो म्हणाला, "वळखलं तर मी भायेर येतो. न्हाय वळखलं तर तू काय बोलायचं न्हाय." मी हो म्हटलं. ओळखणार नाहीत असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

रविवारी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. आम्ही दोघं सगळ्यांच्या आधी गेलो. पडदा म्हणजे दोन धोतरं शिवून केलेलं कापड होतं, गणपतीत लावतात ते. त्याच्यामागं प्लास्टिकची खुर्ची ठेवली, तालमीचा माइक ठेवला. अण्णानं मागून पडद्याकडे बघितलं. मोबाईलवाला प्रोजेक्टरवर उंटाचं चित्र लावून पोह्यांचं बघायला गेला होता, आणि कापडाच्या मागच्या बाजूनं ते उलटं दिसत होतं. अण्णाच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मी किती वर्षांत बघितलं नव्हतं. आरशात दिसायचं तसंच दिसतंय, म्हणाला. हे म्हणताना तो अडला नाही.

हॉल भरला. टकलं पडलेली, पोटं सुटलेली ती सगळी पोरं, त्यांच्या बायका, त्यांची मुलं. मुलं आपापल्या फोनमध्ये. कांदेपोहे झाले, कंपनीला शिव्या घालून झाल्या, आणि मोबाईलवाल्यानं दिवे बंद करून भाग सुरू केला. बिनआवाजाचा उंट टेकडीवरून खाली आला. मी भिंतीला टेकून उभी होते.

"पावणं, जरा दमानं," खार म्हणाली. "फुडं वाळू लई हाय."

"मला घाई न्हाय," उंट म्हणाला. "टपालाला हाय."

एक अक्षर अडलं नाही. शब्द तेच, थांबणं तेच, उंटाच्या जबड्याशी अचूक जुळणारं. पण आवाज पन्नाशीच्या माणसाचा होता. वर्षानुवर्षं पीठ आणि मिरची खाल्लेला, भरडा, जड. टीव्हीमागं बसायचा तेव्हा त्याचा आवाज फुटलेला नव्हता, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. माझ्याही नाही. उंटाचा जो जाड आवाज आम्हाला आठवत होता, तो एका पोरानं काढलेला जाड आवाज होता. आणि आता खारीसाठी तो आवाज बारीक करायला गेला की मधेच फाटायचा.

मग कुठून तरी हसण्याचा आवाज आला. ते उंटाला हसणं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, हा कोण म्हातारा बोलतोय? दुसरा म्हणाला, कोणीतरी नक्कल मारून पाठवलंय, इंटरनेटवर असलं काय बी मिळतं. पुण्याहून आलेला म्हणाला, ह्यासाठी एवढ्या लांबनं आलो व्हय? पडद्यामागून उंट बोलतच होता. अण्णाला ऐकू येत असणार, पण तो थांबला नाही. बहुतेक त्याला वाटत असेल, आणखी थोडं बोललं की ओळखतील.

मग मोबाईलवाला उठला. रागावला नव्हता, हिरमुसला होता, ते मला स्पष्ट दिसलं. "बंद करा ते," तो म्हणाला. "ह्यो न्हवं तो आवाज. आमाला जुना पायजे."

आणि त्यानं कार्टूनचा मूळ हिंदी आवाज चालू केला. थोडा वेळ दोन्ही आवाज एकावर एक चालले, मग अण्णाचा थांबला. पुढं मुका उंट आणि हिंदी बोलणारी खार. लोक कुरकुरत बघत राहिले आणि बघता बघता रमलेही. शेवटी गिधाड खड्ड्यात पडलं. खार हिंदीत काहीतरी म्हणाली, ते कुणालाच ऐकू गेलं नाही, कारण सगळा हॉल, बाया-बापे, फोनमधून मान वर काढलेली मुलंसुद्धा, एकदम ओरडला, "बसा आता निवांत, च्या आणतो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. पडद्याच्या पांढऱ्या कापडामागं कुणी बसलेलं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी कबूल केलं होतं हे खरं. पण तेवढंच कारण असतं तर मला आज एवढं वाईट वाटलं नसतं.

हॉल रिकामा होईस्तोवर अण्णा मागंच बसून राहिला. मग आम्ही जिना उतरलो, तर खाली मोबाईलवाला खुर्च्या मोजून आत लावत होता. अण्णाला बघून त्याला आश्चर्य वाटलं. तुम्ही कधी आलात, म्हणाला, दिसलाच नाहीत. त्याचा चेहरा पडलेला होता. मला दोष देत नव्हता. कुणीतरी तुला फसवलं ताई, एवढंच म्हणाला. मग अण्णाकडे वळला आणि अगदी मनापासून, लहान भावासारखं त्यानं विचारलं, "अण्णा, तुमच्याच टीव्हीवर बघितलंय की आमी सगळ्यांनी. तुमाला तरी आठवत आसंल. तुमीच सांगा, ह्यो हुता का तो आवाज?"

अण्णानं त्याच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सांगेल. अजून वेळ गेलेली नाही, एक वाक्य म्हटलं तरी पुरे.

"न्हाय," अण्णा म्हणाला. तो शब्द न अडता आला.

मोबाईलवाल्यानं सुस्कारा सोडला, म्हणाला, मला वाटलंच, आणि खुर्च्या उचलायला लागला. आम्ही गल्लीतून चालत निघालो. रविवारची दुपार व्हायला आली होती. घराघरांतून कांदा-खोबरं भाजल्याचा वास येत होता. अण्णाचा शर्ट पाठीला चिकटला होता. मला त्याचा हात धरावासा वाटला आणि मी धरला नाही, कारण आमच्यात तशी रीत नाही. मी त्याला म्हटलं, लोकांना अक्कल नाही. तो म्हणाला, लोकांचं काय चुकलं, त्यांनी ऐकला होता तो पोरगा वेगळा.

गिरणीशी आल्यावर त्यानं खिशातून किल्ली काढली. कुलपाला लावली आणि तसाच थांबला. मान वर केली, डोळे मिटले. मला कळलं, काहीतरी विचारायचं आहे. मी वाट बघितली. आईनं शिकवलं होतं, अण्णाचं वाक्य आपण पुरं करायचं नाही.

"त्... तुला तरी," तो म्हणाला, "तुला तरी त्... तोच वाटला का गं?"

मी हो म्हणणार होते. शब्द तोंडात तयार होता. पण त्याच क्षणी मला तो हॉल आठवला. पडद्यामागून पहिलं वाक्य आलं तेव्हा भिंतीला टेकून उभी असताना माझ्या मनात काय आलं होतं, ते आठवलं. हा तो नव्हे, असंच आलं होतं. मलाही तो जुनाच पाहिजे होता, त्या सतरंजीवरचा, आणि समोर बोलत होता तो माझा भाऊ होता.

"व्हय," मी म्हटलं. "तोच वाटला."

पण त्याआधी मी थांबले होते. फार नाही, दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. शब्द तोंडापर्यंत येऊन का अडतो, हे ज्याला जन्मभर कळत आलं आहे, त्याच्यापुढे मी थांबले होते.

अण्णानं माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणाला. शटर वर केलं, आत गेला आणि मशीन सुरू केलं. दळण एकही आलेलं नव्हतं.